पांढऱ्या बाटलीवरचे गलबत

मुंबई–गोवा महामार्गावरून दक्षिणेकडे जाताना हातखंब्याचा तिठा लागतो. पश्चिमेला वळले की रत्नागिरी शहर, सरळ पुढे गेले की पाली, आणि पालीहून आंबा घाटाच्या वाटेने कोल्हापूर. ट्रक, एस.टी., आंब्याच्या पेट्यांनी भरलेले टेम्पो असे सारे या तिठ्यावरून जाते. अशा ठिकाणच्या जनरल स्टोअर्सचा माल प्रवाशाच्या गरजेने ठरतो. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटे, ब्लेडची पाकिटे, दाढीचा साबण, आणि काचेच्या कपाटाच्या वरच्या फळीवर पांढरी, अपारदर्शक, गलबताचे चित्र असलेली एक बाटली. ‘ओल्ड स्पाइस’ हे तिचे नाव तीन पिढ्यांच्या तोंडी आहे. पुष्कळ घरांत आजोबांच्या आरशाजवळ ती होती, आणि परगावाहून येणाऱ्या जावयाला किंवा व्याह्यांना द्यायची भेट म्हणूनही तिला मान होता.

बाटली इतकी ओळखीची झाली की तिच्यात काय असते हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. जैन व्यापारी कुटुंबाला मात्र तो दोनदा विचारावा लागतो. एकदा वापरणारा म्हणून, आणि दुसऱ्यांदा विकणारा म्हणून.

अमेरिकेत विल्यम लाइटफूट शुल्ट्झ या उद्योजकाने १९३४ साली ‘शुल्टन’ नावाची कंपनी काढली. त्याच्या आईच्या घरी वाळवलेली फुले व मसाले घातलेली एक बरणी असे, आणि तिचा वास खोलीभर दरवळे. तो वास धरून १९३७ साली ‘अर्ली अमेरिकन ओल्ड स्पाइस’ या नावाने पहिले उत्पादन बाजारात आले. ते स्त्रियांसाठी होते. पुरुषांसाठीचे लोशन त्यानंतर, १९३८ साली आले. आज ज्या वासाला सारे जग मर्दानी म्हणते त्याचा उगम एका आईच्या बैठकीतल्या बरणीत आहे, ही गोष्ट जाहिरातींत सहसा सांगितली जात नाही. पुढे १९७१ साली शुल्टन अमेरिकन सायनामिड कंपनीकडे गेली आणि १९९० साली हे नाव प्रॉक्टर अँड गँबलने विकत घेतले. भारतात हे लोशन बरीच वर्षे गोव्यात, मेनेझिस समूहाच्या कारखान्यात तयार होत आले. कोकणातल्या गिऱ्हाइकाला ‘फॉरेन’ची वाटणारी ही बाटली त्याच्याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाची होती.

बाटलीचा विचार आधी करू. वासाकडे नंतर वळू. पहिल्या बाटल्या काचेच्या नव्हत्या. ओहायो राज्यातील हल पॉटरी या कुंभारकामाच्या कारखान्यात त्या चिनी मातीसारख्या मालाच्या घडवल्या जात. नंतर दुधी काचेच्या बाटल्या आल्या आणि तेच रूप लोकांच्या लक्षात राहिले. खाली रुंद, वर निमुळती होत गेलेली, हातात घेतली की बोटे आपोआप बसतील अशी. तोंडाशी बारीक भोकाचे बूच, म्हणजे बाटली उलटी केली तरी लोशन भसकन न येता थेंबाथेंबाने येते. अपारदर्शक काचेचा उपयोग केवळ शोभेचा नाही. सुगंधी तेले उजेडात लवकर बिघडतात. लिंबू-संत्र्याच्या जातीची तेले तर फारच लवकर. तेव्हा पांढऱ्या काचेने आतल्या मालाचे रक्षण होते. त्याबरोबर किती लोशन उरले आहे हे गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि बाटली अचानक संपते. दुसरी बाटली लवकर खपते हा विक्रेत्याचा लाभ. तो योजून केलेला असो वा नसो, हिशोबात तो आहे.

बाटलीवरचे गलबत हे कल्पनेतले नव्हते. ‘ग्रँड टर्क’ व ‘फ्रेंडशिप’ ही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सेलम बंदराच्या व्यापारी जहाजांची नावे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही जहाजे पूर्वेकडे येत. ‘ग्रँड टर्क’ १७८६ साली चीनमधल्या कँटनला पोहोचले होते. सेलमचे सावकार सुमात्राच्या मिऱ्यांवर श्रीमंत झाले, आणि मसाल्याच्या व्यापारामुळे त्या गावाला जगभर नाव मिळाले. म्हणजे बाटलीवर योद्धा नाही, खेळाडू नाही, राजा नाही. मालाने भरलेले वाण्याचे गलबत आहे. कच्छ, सौराष्ट्र व मलबार यांच्यामध्ये गलबतांनी माल नेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वंशजांना हे चित्र परके वाटण्याचे कारण नाही. १९९२ च्या सुमारास नव्या मालकांनी हे शिडाचे जुने गलबत काढून त्या जागी रेघांनी काढलेली शर्यतीची नौका आणली. व्यापाराच्या जहाजाची जागा हौशीच्या नौकेने घेतली. बदल लहान, पण जुन्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना तो खटकला. अमेरिकेत काचही गेली आणि प्लॅस्टिक आले. भारतात मात्र पांढरी काच बरीच वर्षे टिकली, आणि तिचे वजन हाच तिच्या अस्सलपणाचा पुरावा मानला गेला. रिकाम्या बाटल्या भंगारात विकल्या जातात, त्या पुन्हा भरल्या जाण्याची भीती असते. म्हणून जाणते दुकानदार रिकामी बाटली फोडून टाकण्याचा सल्ला देतात. तो सल्ला आजही योग्य आहे.

आता वास. सुगंधाच्या रचनेला संगीताची भाषा लावण्याची पद्धत युरोपात एकोणिसाव्या शतकात सेप्टिमस पीस या इंग्रज सुगंधकाराच्या ग्रंथाने रूढ झाली. वासांची त्याने चक्क सुरांच्या पट्टीवर मांडणी केली होती. तिथूनच ‘नोट’ हा शब्द या धंद्यात स्थिरावला. आपल्याकडे त्याला सूर म्हणता येईल. वरचा सूर पहिली दहा-पंधरा मिनिटे ऐकू येतो, मधला काही तास, आणि खर्जाचा सूर संध्याकाळपर्यंत, कापडावर तर दुसऱ्या दिवसापर्यंत. कारण साधे आहे. हलके रेणू आधी उडून जातात, जड रेणू मागे राहतात.

ओल्ड स्पाइस बनवणाऱ्या सुगंधकाराचे नाव अल्बर्ट हॉक. या रचनेचे वर्णन करणारे जाणकार वरच्या सुरांत संत्रे, लिंबू, जायफळ, बदियान म्हणजे चक्रीफूल आणि क्लेरी सेज ही सुगंधी पाल्याची वनस्पती सांगतात. मध्ये दालचिनी, कार्नेशन, जिरेनियम, मोगऱ्याच्या जातीचे जास्मिन, हेलिओट्रोप; तळाशी व्हॅनिला, देवदारासारखे सीडर, ऊद, धूप, टोंका बी, कस्तुरी आणि अंबर. दाढी झाल्यावर गालावर पहिला चटका बसतो तो मद्यार्काचा. त्यामागोमाग लिंबू-जायफळाची टवटवी येते. चहा पिऊन होईपर्यंत दालचिनी व लवंगेचा ऊबदार भाग पुढे येतो. दुकान उघडून दोन गिऱ्हाइके झाली की मागे राहतो तो व्हॅनिलाचा गोडवा आणि थोडीशी भुकटीसारखी कोरडी छटा.

यांतले काही पदार्थ रत्नागिरी जिल्ह्याच्या वाड्यांत पिकतात. भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, काळी मिरी, केळी, अननस अशी मिश्रपिके घेण्याचा ‘लाखी बाग’ हा प्रयोग लोकप्रिय केला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दालचिनीची ‘कोकण तेज’, जायफळाची ‘कोकण सुगंधा’ अशा जाती दिल्या आहेत. श्रीखंडावर जायफळ किसणाऱ्या घराला त्या पांढऱ्या बाटलीचा वास पहिल्या भेटीतच आपला का वाटला, याचे उत्तर येथे सापडते.

पण ज्या यादीत संत्रे, जायफळ, दालचिनी आहे तिच्याच शेवटी कस्तुरी आणि अंबर ही दोन नावे आहेत, आणि तेथे जैन वाचकाची नजर अडते. कस्तुरी ही हिमालयातल्या नर कस्तुरीमृगाच्या पोटाजवळील ग्रंथीत असते. ती मिळवण्यासाठी शतकानुशतके या प्राण्याची हत्या होत आली. अंबर म्हणजे स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात, त्याने गिळलेल्या माकुळांच्या टणक चोचींभोवती साचणारा मेणचट पदार्थ. वृत्तपत्रे त्याला ‘व्हेलची उलटी’ म्हणतात. जुन्या सुगंधशास्त्रात आणखी दोन प्राणिज पदार्थ होते. एक जवादी मांजराचा स्राव, दुसरा बीव्हर या उत्तरेकडील पाणप्राण्याचा. आपल्याकडेही या गोष्टी अपरिचित नव्हत्या. अमरकोशात यक्षकर्दम नावाच्या उटण्याच्या घटकांत कापूर व अगरूबरोबर कस्तुरी येते. राजेरजवाड्यांच्या अंगराग-अर्गजांत तिला मानाचे स्थान होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण यावरून घराघरांत अकारण वाद होतात. सुगंधातील ‘सूर’ म्हणजे घटकपदार्थ नव्हेत. सूर म्हणजे नाकाला होणारा भास. कार्नेशनचा सूर घ्या. त्या फुलाचा अर्क महाग आणि दुर्मीळ. सुगंधकार तो वास प्रामुख्याने युजेनॉल या द्रव्याने उभा करतात, आणि युजेनॉल लवंगेच्या तेलात भरपूर असते. हेलिओट्रोपचा वास देणारे पिपेरोनाल प्रथम मिळाले ते मिऱ्यांतल्या तिखट द्रव्यापासून. टोंका बीचा वास ज्या कूमारिनमुळे येतो ते विल्यम पर्किनने १८६८ साली प्रयोगशाळेत बनवले. व्हॅनिलाचे व्हॅनिलिन १८७४ साली जर्मनीत बनले. कस्तुरीची कथा तर अधिक गमतीची. १८८८ साली अल्बर्ट बाऊर नावाचा रसायनतज्ज्ञ स्फोटक द्रव्यांवर काम करीत असताना त्याच्या हाती कस्तुरीसारखा वास येणारा पदार्थ लागला आणि कृत्रिम कस्तुरीचा धंदा सुरू झाला. खऱ्या कस्तुरीतल्या मस्कोन या द्रव्याची रचना लिओपोल्ड रुझिचकाने उलगडली; त्याला १९३९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अंबराचा वास देणारे द्रव्य १९५० च्या आसपास क्लेरी सेजपासून करता येऊ लागले. म्हणजे वरच्या सुरातली वनस्पतीच तळाच्या सुराचीही सोय करते.

आता साधा व्यापारी हिशोब मांडून पाहावा. खरी कस्तुरी सोन्याच्या तोडीची महाग. औषधांच्या दुकानात सामान्य माणसाला परवडेल अशा दरात लाखोंनी विकायच्या लोशनमध्ये ती घालणारा कारखानदार वर्षभरात दिवाळे काढील. कृत्रिम कस्तुरी १९३८ च्या आधीच बाजारात स्वस्तात उपलब्ध होती. त्यातच भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कस्तुरीमृगाला पूर्ण संरक्षण मिळाले. नफ्याचा विचार आणि कायदा हे दोन्ही एकाच बाजूला असताना आजच्या बाटलीत प्राणिज कस्तुरी असण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे. इतके असूनही हा तर्क आहे, लेबलावरचा शब्द नव्हे. बाटलीच्या मागे ‘परफ्यूम’ असा एकच शब्द छापलेला असतो आणि त्या एका शब्दाच्या पोटात पन्नास-शंभर द्रव्ये असू शकतात. सूत्र गुप्त ठेवणे हा या धंद्याचा मान्य हक्क आहे.

खाद्यपदार्थांवरील हिरवा ठिपका व तपकिरी खूण आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. साबण, शांपू, सौंदर्यप्रसाधने यांवरही तसा ठिपका असावा अशी अधिसूचना केंद्र सरकारने २०१४ साली काढली होती, पण तिला न्यायालयात आव्हान दिले गेले आणि खाद्यपदार्थांसारखी घडी तेथे बसली नाही. त्याच वर्षी सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास मात्र देशात बंदी आली, व नंतर तशी चाचणी झालेल्या मालाच्या आयातीसही. ही दुसरी गोष्ट अहिंसेच्या दृष्टीने पहिलीइतकीच मोठी, कदाचित अधिक मोठी. आपल्या समाजात तिची चर्चा फारच कमी झाली. ज्या उत्पादनावर स्वेच्छेने हिरवा ठिपका छापला आहे ते घेणे सोपे. ज्यावर नाही, त्यावर निर्मात्याचा ग्राहक-तक्रार पत्ता व ई-मेल छापणे बंधनकारक आहे. तेथे लेखी विचारणा करता येते. सुगंधात, आणि लोशनमध्ये ग्लिसरीन असल्यास त्यातही, प्राणिज घटक आहे काय, एवढे दोन ओळींचे पत्र पुरते. विक्रेत्याने विचारले तर उत्तर ग्राहकापेक्षा लवकर येते, हा व्यापारातला अनुभव आहे.

मद्यार्काचा प्रश्न वेगळा आहे. आफ्टरशेव्हचा मोठा भाग मद्यार्काचाच असतो. वस्तऱ्याने झालेल्या बारीक जखमा तो निर्जंतुक करतो आणि सुगंध विरघळवून ठेवतो. तो पिण्यास अयोग्य केलेला असतो. वस्तू व सेवा कर येईपर्यंत अशा मद्यार्कयुक्त प्रसाधनांवर १९५५ च्या स्वतंत्र कायद्याखाली उत्पादन शुल्क लागे, आणि त्याच्या नोंदवह्या सांभाळणे हे कारखान्यांचे मोठे काम असे. काही श्रावक म्हणतात की जे प्यायचे नाही त्याला मद्य म्हणू नये. काही म्हणतात की मळी आंबवताना असंख्य जीवांची उत्पत्ती व नाश होतो, तेव्हा पिण्या-न पिण्याने फरक पडत नाही. ज्यांना हे दुसरे मत पटते त्यांच्यासाठी तुरटीचा खडा आहेच, आणि सुगंध हवा तर वाळ्याचे अत्तर आहे. कनौजला डेग-भपक्यात ऊर्ध्वपातन करून चंदनाच्या तेलात उतरवलेल्या अत्तराला मद्यार्क लागत नाही. मात्र फुलांच्या अत्तरामागे खुडलेल्या फुलांच्या राशी असतात. काटेकोर विचार करणाऱ्याने तेही मोजावे.

विक्रेत्याच्या बाजूने पाहता शास्त्राने केलेली मांडणी अधिक नेमकी आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य येते. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात त्याची व्याप्ती केवळ हस्तिदंतापुरती नाही. केस, नखे, हाडे, कातडी असे त्रस जीवांचे अवयव त्यांच्या उगमस्थानी जाऊन व्यापारासाठी घेणे या सर्वांचा त्यात समावेश आहे. टीकाकारांनी दिलेले कारण व्यापाऱ्याने मुद्दाम वाचण्यासारखे आहे. वाणी वनवासी शिकाऱ्यांना आगाऊ पैसे देतो, म्हणून ते तो येण्याआधी हत्ती मारून ठेवतात. हिंसा करणारा हात दुसऱ्याचा; पण तिला भांडवल पुरवतो तो व्यापारी. आजच्या भाषेत ज्याला कार्यशील भांडवलाचा पुरवठा म्हणतात, तो कोणत्या कामासाठी होतो याची जबाबदारी देणाऱ्यावर आहे, हे मध्ययुगातल्या या ग्रंथकारांनी स्वच्छ ओळखले होते.

कोकणातल्या व्यापाऱ्याला हे पोथीतले वाटू नये. गेल्या काही वर्षांत कोकण किनारपट्टीवर अंबराच्या तस्करीचे गुन्हे वारंवार नोंदले गेले आहेत. किनाऱ्यावर वाहून आलेला एखादा राखाडी, मेणचट गोळा कोणाच्या तरी हाती लागतो. त्याची किंमत कोटींत सांगितली जाते, आणि मग भांडवल असलेल्या माणसाचा शोध सुरू होतो. तो शोध बहुधा बाजारपेठेत, पेढीवर येऊन थांबतो. या वेळी केला जाणारा युक्तिवाद मोठा गोंडस असतो: देवमाशाला कोणी मारलेले नाही, समुद्राने आपण होऊन दिलेली वस्तू आहे, यात पाप कसले? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. स्पर्म व्हेल हा संरक्षित प्राणी असून त्याच्यापासून मिळणाऱ्या अंबराची खरेदी-विक्री, वाहतूक आणि बाळगणे भारतात गुन्हा आहे. सापडलेला गोळा वन विभागाकडे द्यावा लागतो. शास्त्राचे उत्तर वरच्या परिच्छेदात आले आहे. आज वाहून आलेल्या गोळ्याला भाव मिळाला, तर उद्या तो वाहून येण्याची वाट कोणी पाहणार नाही. शिवाय यातले बरेचसे ‘अंबर’ मेण आणि कचऱ्याचे निघते, म्हणजे पैसा जातो आणि कोठडी मिळते.

प्रामाणिक सुगंधी व्यापाराला यातल्या कशाचीच गरज नाही, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. एस. एच. केळकर आणि कंपनी १९२२ पासून मुंबईत सुगंधद्रव्यांच्या उद्योगात आहे. लहान अगरबत्तीवाल्यापासून मोठ्या साबण कारखान्यापर्यंत तिचे गिऱ्हाईक पसरले आहे, आणि मुलुंडच्या वझे महाविद्यालयात सुगंध व सौंदर्यप्रसाधनांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही चालतो. वाणिज्य किंवा रसायनशास्त्र घेतलेल्या आपल्या मुलामुलींनी किराणा, कापड व सराफी यांच्यापलीकडे या धंद्याकडे पाहायला हरकत नाही. दुकानदारांनी एक किरकोळ बाबही ध्यानात ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून आफ्टरशेव्ह लोशनवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, परफ्यूम मात्र १८ टक्क्यांतच राहिले. एकाच नावाच्या दोन बाटल्या एकाच फळीवर असल्या तरी बिलात त्यांचे दर वेगळे लागतात, आणि घाईत नेमकी येथे चूक होते.

राहिला चौदा नियमांचा प्रश्न. रोज सकाळी नियम धारणारे श्रावक आफ्टरशेव्ह कशात मोजावे असे विचारतात. अंगाला लावले म्हणून ते ‘विलेपन’, आणि वास घेतला म्हणून ‘कुसुम’. दोन्हींत धरणे हा सुरक्षित मार्ग, आणि हुंगण्याच्या द्रव्याचा नियम कडक असणाऱ्यांना तोच योग्य. तत्त्वार्थसूत्र पुद्गलाला स्पर्श, रस, गंध, वर्ण असे चार गुण सांगते. गंध हा वस्तूचाच अंश असल्याने वास येतो तोवर द्रव्याचा संपर्क आहेच. त्यामुळे पर्युषणात किंवा पौषधाच्या आदल्या दिवशी एक व्यावहारिक काळजी घ्यावी लागते. लिंबू-जायफळ पंधरा मिनिटांत उडून जाते, पण व्हॅनिला, टोंका आणि कृत्रिम कस्तुरी सदऱ्याच्या कॉलरवर दुसऱ्या सकाळपर्यंत राहते. पौषधाला नेण्याचे वस्त्र दोन दिवस आधी धुऊन, उन्हात वाळवून वेगळे ठेवलेले बरे. रुमाल आणि टोपीही त्याच्याबरोबर.